मान व खांदा यांमधील दबलेली शीर : तिची ओळख व उपाय

पोळ्याच्या आदल्या सायंकाळीं आपल्याकडे खांदेमळणीचा विधि होतो. वर्षभर जूं वाहून घट्टे पडलेले बैलांचे खांदे ऊन पाण्यानें धुऊन, त्यांस हळद व लोणी चोळून धनी त्यांचे उपकार स्मरतो. खांद्यास सूज दिसली कीं तो बैल औतास जुंपावयाचा नाहीं, हा नियम वाडवडिलांनीं घालून दिलेला आहे, आणि तो मोडणाऱ्यास गांव नांवें ठेवितें. परंतु त्याच धन्याच्या स्वतःच्या खांद्याची काय अवस्था आहे, हें पाहण्याचा विधि मात्र आपल्या पंचांगांत नाहीं. पोतीं वाहून, पाठीवर फवारणीचा पंप घेऊन, द्राक्षाच्या मांडवाखालीं दिवसभर हात वर धरून त्याच्या हातास मुंग्या येऊं लागतात, करंगळी बधिर होते, मुठींतील खुरपें नकळत गळून पडतें. आणि विचारणाऱ्यास तो एवढेंच सांगतो कीं, वात आहे, जाईल.

पुष्कळ वेळां हा वात नसतो, आणि तो आपोआप जातही नाहीं. मान व खांदा यांच्या सांध्याशीं हाताच्या मज्जातंतूंवर दाब पडला म्हणजे अशीं लक्षणें होतात. दाब लवकर ओळखला तर बहुतेक रोगी शस्त्रावांचून, केवळ कामाची रीत बदलून व नेमानें व्यायाम करून सुधारतात. ओळखण्यास वर्ष दोन वर्षें लागलीं तर हाताचें मांस झडूं लागतें, आणि एकदां झडलेलें मांस बहुधा पुन्हा भरून येत नाहीं. ज्याचें पोट हातावर आहे त्यास हा तोटा केवढा मोठा आहे, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. म्हणून या विषयाची आवश्यक तेवढी माहिती आपल्या संघाच्या सभासदांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शीर म्हणजे कोणती?

प्रथम एका शब्दाचा उलगडा केला पाहिजे. आपल्या बोलण्यांत ‘शीर’ हा शब्द दोन भिन्न वस्तूंस लाविला जातो. रक्त वाहून नेणारी नळी तीही शीर. आणि मेंदूची आज्ञा हातापायांस नेणारा व हातापायांची वार्ता मेंदूस पोंचविणारा जो पांढरा दोरा, तीही शीरच. वैद्यकांत या दुसऱ्या वस्तूस मज्जातंतु म्हणतात. मानेच्या खालच्या भागांतून व छातीच्या पहिल्या मणक्याजवळून असे पांच तंतु प्रत्येक बाजूस बाहेर पडतात, एकमेकांत गुंततात, आणि त्यांची एक जाळी होते. खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत हाताचें बळ व स्पर्शज्ञान या जाळीवर अवलंबून आहे.

ही जाळी हातांत उतरतांना तीन अरुंद खिंडींतून जाते. पहिली खिंड मानेच्या बाजूस, दोन स्नायूंच्या मधली. दुसरी हांसळीचें हाड व पहिली बरगडी यांमधली. तिसरी छातीच्या वरच्या कोपऱ्यांत, खांद्याकडे जाणाऱ्या एका लहान स्नायूच्या खालची. हातास शुद्ध रक्त नेणारी मोठी रोहिणी या जाळीच्या सोबतीनेंच जाते. हातांतून परतणारें रक्त आणणारी नीला पहिल्या खिंडींतून जात नाहीं. ती पुढच्या बाजूनें जाऊन हांसळीच्या खालीं त्यांच्या शेजारास असते. त्यामुळें दाब कोणावर पडला त्याप्रमाणें रोगाचें रूप बदलतें. शंभरांतील नव्वदांहून अधिक रोग्यांत दाब मज्जातंतूंवरच असतो; नीला दबण्याचे प्रसंग थोडे व रोहिणी दबण्याचे त्याहूनही थोडे. परंतु हे थोडे प्रसंगच अधिक घाईचे असतात, त्यांविषयीं पुढें सांगूं.

शेतांतील पाटावर कोणी दगड ठेविला तर खालच्या वाफ्यांतील पीक सुकतें. दोष पिकांत नसतो, जमिनींतही नसतो. तो वर पाटांत असतो. येथेंही तसेंच आहे. दुखणें बोटांत दिसतें, आणि दगड मानेच्या पायथ्याशीं असतो. केवळ बोटांस तेल चोळून हा दगड हलत नाहीं, हें एक सूत्र लक्षांत ठेविलें तरी या लेखाचें अर्धें काम झालें.

दाब कां पडतो?

कांहीं माणसांच्या खिंडी जन्मतःच अरुंद असतात. शंभरांत एकाहूनही कमी लोकांस मानेच्या सातव्या मणक्यापासून एक जादा बरगडी फुटलेली असते. अशांपैकीं बहुतेकांस जन्मभर कांहींच त्रास होत नाहीं, पण कांहींस होतो. दुसरें कारण अपघात. झाडावरून, गाडीवरून वा दुचाकीवरून पडून मानेस हिसका बसला, किंवा मोडलेली हांसळी वेडीवांकडी सांधली गेली, तर खिंड आकसते. तिसरें कारण काम, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीनें हेंच महत्त्वाचें. खांद्यावर जड ओझें घेतलें म्हणजे हांसळीचें हाड खालीं दबतें व पहिल्या बरगडीशीं त्याचें अंतर कमी होतें. उलट हात डोक्याच्या वर फार वेळ धरले म्हणजे जाळी ताणली जाऊन तिसऱ्या खिंडींत अडकते. मान पुढें काढून व खांदे पाडून बसण्याची संवयही दाबास हातभार लावते.

या रोगाचा अभ्यास तसा जुना आहे. लंडन येथील सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाचे शल्यवैद्य होम्स कूट यांनीं १८६१ सालीं मानेच्या मणक्यापासून वाढलेलें असें जादा हाड कापून काढिलें. १९१० सालीं ऑस्ट्रेलियांत मर्फी यांनीं जादा बरगडी नसतांही पहिलीच बरगडी काढून दाब दूर केला. १९२७ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमधील ॲडसन व कॉफी यांनीं मानेच्या स्नायूकडे लक्ष वेधिलें. दुसरें महायुद्ध चालूं असतां, १९४३ सालीं, फाल्कनर व वेडेल यांनीं हांसळी व बरगडी यांच्या चिमट्यांत सांपडणाऱ्या रक्तवाहिन्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. खांदे मागें व खालीं ओढले गेले म्हणजे हा चिमटा आवळतो. आणि पाठीवर जड बोचकें घेऊन चालणाऱ्या शिपायाच्या खांद्यांची स्थिति नेमकी हीच असते. पाठीवर औषधाचा पंप बांधलेल्या शेतकऱ्याची स्थिति याहून निराळी नाहीं. पुढें १९५६ सालीं पीट व त्यांचे सहकारी यांनीं या सर्व प्रकारांस मिळून ‘थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम’ हें नांव दिलें व त्यावर व्यायामाचा एक क्रम सांगितला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आज हेंच नांव आढळतें.

रोग कसा ओळखावा?

मज्जातंतूंवरील दाबाचीं मुख्य लक्षणें अशीं आहेत. मानेच्या बाजूस, हांसळीच्या वरच्या खळग्यांत व खांद्यांत ठणका लागतो. तेथून दंडाच्या व कोपरापुढील हाताच्या आंतल्या कडेनें कळ उतरते. जाळीचे सर्वांत खालचे तंतु बरगडीवरच टेकलेले असल्यामुळें मुंग्या व बधिरपणा बहुधा करंगळी व तिच्या शेजारचें बोट यांत अधिक असतो. हात वर करून काम केलें, ओझें उचललें, किंवा हात उशाखालीं घेऊन निजलें कीं त्रास वाढतो. हात खालीं घेऊन विसांवा दिला कीं कमी होतो. हळूहळू पकड सुटूं लागते. सदऱ्याची गुंडी लागत नाहीं, सुईंत दोरा जात नाहीं, नाणें जमिनीवरून उचलत नाहीं. शेवटीं अंगठ्याच्या बुडाशीं असलेला मांसाचा उंचवटा सपाट होऊं लागतो व बोटांच्या मधल्या जागेंत खळगे पडतात. हें शेवटचें चिन्ह दिसेपर्यंत वाट पाहणें म्हणजे पीक वाळल्यावर पाटाचा दगड शोधणें होय.

पाठीवरच्या पंपाच्या अरुंद पट्ट्यांखालीं कधीं कधीं जाळीचे वरचे तंतु दबतात. त्या वेळीं बोटें शाबूत राहतात, पण हात खांद्यांतून वर उचलत नाहीं, किंवा भिंतीस हात लावून रेटा दिला असतां पाठीवरील खवाट्याचें हाड पंखासारखें बाहेर येतें. असें झाल्यास पंप त्याच दिवशीं खालीं ठेवावा. ओझें वेळींच बंद केलें तर यांतील बहुतेक रोगी कांहीं आठवड्यांत वा महिन्यांत बरे होतात.

घरीं एक सोपी परीक्षा करून पाहतां येते. ताठ बसावें. दोन्ही हात बाजूंस खांद्याच्या उंचीपर्यंत नेऊन कोपरांत काटकोनांत वर वांकवावे, आणि तळहात पुढें करून तीन मिनिटें सावकाश मुठी उघडाव्या व मिटाव्या. निरोगी माणसाचे हातही यानें थोडे दमतात, त्यास रोग समजूं नये. परंतु एकाच हातास नेहमींच्याच मुंग्या येऊन तो मिनिटा-दीड मिनिटांत गळून पडला, तर डॉक्टरांकडे जाण्यास तें पुरेसें कारण आहे. दुखूं लागतांच हात खालीं घ्यावा. हट्टानें तीन मिनिटें पुरीं करूं नयेत. ही परीक्षा केवळ संशय उत्पन्न करणारी आहे, निर्णय देणारी नव्हे. डॉक्टरही एकाच परीक्षेवर विसंबत नाहींत. ते मानेचें व छातीचें क्ष-किरण चित्र काढून जादा बरगडी आहे काय तें पाहतात, तंतूंतून विजेची लहर कोणत्या वेगानें जाते तें मोजतात, आणि जरूर वाटल्यास रक्तवाहिन्यांची ध्वनिलहरींनीं व मानेची एम्. आर्. आय्. यंत्रानें तपासणी करवितात.

दुसऱ्या रोगांशीं गल्लत

हाताच्या सर्वच मुंग्या या रोगाच्या नसतात. म्हणून कांहीं भेद ध्यानांत ठेवावे.

अंगठा, तर्जनी व मधलें बोट यांस मुंग्या येऊन रात्रीं झोपमोड होत असेल व हात झटकल्यानें बरें वाटत असेल, तर दाब बहुधा मनगटांत असतो. मान वळविली वा मागें टाकली असतां कळ हातांत उतरत असेल, तर मणक्यांमधील गादी सरकली असण्याचा संभव अधिक. त्यांतच पाय लटपटूं लागले किंवा लघवीवरील ताबा गेला, तर एक दिवसही न दवडतां मोठें रुग्णालय गांठावें. मधुमेहाचा बधिरपणा सामान्यतः दोन्ही पायांच्या तळव्यांपासून सुरू होतो.

आपल्या प्रांतांत कुष्ठरोगाची शंका कधींही सोडूं नये. त्यांतही करंगळीकडील बाजू बधिर होते व बोटें वांकतात. पण तेथें कोपराच्या आंतल्या बाजूची शीर दोरीसारखी जाड हातास लागते, आणि अंगावर कोठें तरी फिकट वा तांबूस, स्पर्श न कळणारा चट्टा बहुधा असतो. अशा माणसानें लाज धरून घरीं बसूं नये. सरकारी आरोग्य केंद्रांत त्याचें औषध फुकट मिळतें, सामान्यतः सहा ते बारा महिने घ्यावें लागतें, आणि रोग पूर्ण बरा होतो.

जो पुष्कळ वर्षें विडी ओढीत आहे, ज्याचा खांदा रात्रंदिवस दुखतो, करंगळी बधिर आहे आणि त्याच बाजूची पापणी उतरली आहे, त्याची छाती अवश्य तपासावी. फुप्फुसाच्या शेंड्यावरील गांठ हींच लक्षणें दाखविते. आणि डावा हात वा जबडा दुखत असतां छातींत दडपण, घाम व धाप असेल, तर तो हृदयाचा विकार समजून १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. हृदयाचा विकार चुकून खांद्याचा ठरविला तर जीव जातो. उलट चूक झाली तर एक फेरा पडतो, एवढेंच.

घाईचे प्रसंग

दोन प्रसंगीं उशीर करूं नये. मोठ्या कष्टाच्या कामानंतर एकाएकीं सर्व हात सुजला, जड झाला, निळसर दिसूं लागला व छातीवरील शिरा फुगून आल्या, तर नीलेंत रक्ताची गुठळी झाली असावी. ही गुठळी सुटून फुप्फुसांत गेली तर प्राणावर बेततें. अशा हातास चोळूं नये, शेकूं नये. त्याच दिवशीं रुग्णालयांत जावें. दुसरा प्रसंग, बोटें थंड व पांढरीं पडणें, त्यांच्या टोकांवर काळे ठिपके वा न भरणारे व्रण दिसणें. तेथें रोहिणीवर दाब असून गुठळ्या बोटांकडे जात आहेत असें समजावें. हा विकार केवळ व्यायामानें सुटणारा नव्हे.

उपाय पहिला : ओझ्याचा हिशेब

आतां उपायांकडे वळूं. औषधाच्या आधीं कामाची रीत सुधारली पाहिजे; कारण दाब चालूंच राहिला तर औषध काय करणार?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ सालच्या शिफारशींत एका प्रौढ पुरुषानें वाहावयाचें ओझें ५५ किलोंहून अधिक असूं नये, आणि स्त्रियांचें त्याहून पुष्कळच कमी असावें, असें सांगितलें आहे. ही मर्यादा निरोगी माणसाची आहे, हात बधिर झालेल्याची नव्हे. युरियाची गोणी ४५ किलोंची असते. तीदेखील अशा माणसानें एकट्यानें खांद्यावर घेऊं नये. क्विंटलभराचें पोतें पाठीवर चढविण्यांत मर्दुमकी मानण्याची जुनी रीत आहे, ती आम्हांस मुळींच मान्य नाहीं. पोतें दोघांनीं उचलावें, हातगाडीवर न्यावें, किंवा निम्में करावें. खळ्यांत व गोदामांत कमरेएवढा ओटा असला म्हणजे जमिनीवरून ओझें उचलण्याचा हिसका टळतो.

१६ लिटरांच्या पंपांत पाणीच १६ किलो होतें, पंपाचें वजन निराळें. तो दोन तृतीयांश भरला तर सुमारें पांच किलो ओझें कमी होतें. फेऱ्या वाढतील, पण खांदा टिकेल. पट्टे रुंद व गादीचे असावे, आणि कमरेस बांधण्याचा पट्टा असल्यास ओझ्याचा बराच भाग कमरेवर जातो. भरलेला पंप जमिनीवरून पाठीवर न घेतां ओट्यावर ठेवून घ्यावा. दांडा हलविणारा हात अधूनमधून बदलावा. विजेच्या घटावर चालणाऱ्या पंपानें दांडा हलविण्याचे श्रम वांचतात, मात्र घटाचें वजन वाढतें हें विसरूं नये. लांब नळीचा, गाडीवर ठेवलेला पंप चारपांच शेजाऱ्यांनीं मिळून घेतला तर पाठीवरचें ओझें सुटतेंच. आणि अशा कामीं संघाचा उपयोग न करावयाचा तर कोठें करावयाचा?

द्राक्षबागेंत छाटणी, विरळणी व घड बुडविणें हीं कामें हात वर धरूनच होतात. तेथें पायांखालीं स्थिर घोडी घ्यावी, म्हणजे हात खांद्याच्या फार वर जाणार नाहींत. आणि दर पंधरावीस मिनिटांनीं हात खालीं सोडून मिनिटभर विसांवा घ्यावा. झेल्यानें आंबे उतरविणाऱ्यांनींही हाच नियम पाळावा. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून मालमोटारीवर चढणाऱ्या मजूर स्त्रीपुरुषांची मान तर रोज कसास लागते. मोळ्या लहान बांधाव्या, चुंबळ जाड असावी, आणि ज्यास मुंग्या येत असतील त्यास तोडणीवर ठेवून वाहणीवर लावूं नये. ही जबाबदारी मुकादमाची व बागाइतदाराची आहे, त्या गरिबाची एकट्याची नव्हे.

उपाय दुसरा : व्यायाम

पुढील व्यायाम प्रथम जिल्ह्याच्या रुग्णालयांतील भौतिकोपचारज्ञाकडून शिकून घ्यावे, व मग घरीं दिवसांतून दोन वेळां करावे.

१. उताणें निजून हात पोटावर ठेवावा व श्वास असा घ्यावा कीं पोट वर यावें, छाती व मान स्वस्थ राहावी. पांच मिनिटें. मानेचे स्नायु श्वासाच्या कामांतून मोकळे झाले म्हणजे ते पहिली बरगडी वर ओढीत नाहींत.

२. भिंतीस पाठ लावून बसावें व हनुवटी खालीं न वांकवितां सरळ मागें घ्यावी. पांच सेकंद धरावी. दहा वेळां.

३. दुखऱ्या बाजूच्या हातानें बसण्याची फळी धरून मान दुसऱ्या खांद्याकडे हळूच कलती करावी. वीस सेकंद. तीन वेळां.

४. दाराच्या चौकटीस दोन्ही कोपरें खांद्याच्या थोडीं खालीं टेकून एक पाऊल पुढें टाकावें, म्हणजे छातीचे पुढचे स्नायु ताणले जातात. वीस सेकंद. तीन वेळां.

५. दोन्ही खवाटे पाठीमागें एकमेकांजवळ आणावे, पांच सेकंद धरावे व सोडावे. दहा वेळां. नंतर हातांत कांहीं न घेतां खांदे कानांकडे उचलावे व सावकाश खालीं आणावे.

ताण जाणवावा, पण मुंग्या वाढूं नयेत. वाढल्या तर ताण कमी करावा, आणि तरीही वाढल्या तर तो व्यायाम सोडून शिकविणाऱ्यास विचारावें. आठ दिवसांत गुण आला नाहीं म्हणून टाकूं नये. सहा आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत नेम चालविला पाहिजे. निजतांना हात डोक्याच्या वर घेऊं नये, उशी पातळ असावी, व दुखऱ्या कुशीवर निजूं नये. ऊन शेक दिल्यास स्नायु सैल होतात. पण बधिर भागास उष्णता कळत नाहीं, म्हणून शेकाची ऊब दुसऱ्या हातानें पाहून घ्यावी. दुखणें शमविणाऱ्या गोळ्या डॉक्टर सांगतील तेवढ्याच दिवस घ्याव्या. त्या दुकानांतून आणून महिनेच्या महिने खाल्ल्यानें जठरास व मूत्रपिंडांस अपाय होतो.

काय करूं नये, हेंही तितकेंच महत्त्वाचें. मानेस हिसडा देऊन ‘शीर मोकळी’ करणाऱ्याच्या हातीं मान देऊं नये. बिब्बा घालणें व डाग देणें या रीतींनीं दाब रेसभरही कमी होत नाहीं. बधिर कातडीस जखम मात्र होते व ती भरण्यास महिने लागतात. हात गळ्यांत बांधून सर्वस्वीं बसून राहणें हेंही बरें नव्हे, त्यानें सांधा आखडतो व स्नायु दुबळे होतात.

उपाय तिसरा : शस्त्रक्रिया

कांहीं महिने नेमानें व्यायाम करूनही त्रास तसाच राहिला, हाताचें बळ उत्तरोत्तर कमी होत गेलें, किंवा रक्तवाहिन्यांवर दाब असला, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. तींत जादा बरगडी अगर पहिली बरगडी काढतात व मानेचा ताठर स्नायु मोकळा करतात. फुप्फुसाचें आवरण, मोठी रोहिणी व श्वासपटलाचा तंतु हीं सर्व त्या ठिकाणीं जवळजवळ असल्यामुळें ही क्रिया नाजूक आहे. ती नेहमीं करणाऱ्या शल्यवैद्याकडेच करवावी, व जाण्यापूर्वीं लाभ व धोका दोन्ही स्पष्ट विचारून घ्यावे. दाब निघाल्यावर वेदना पुष्कळांच्या कमी होतात; मात्र झडलेलें मांस परत येण्याची आशा थोडी. म्हणूनच आरंभीं म्हटलें तेंच पुन्हा सांगावेसें वाटतें कीं, या रोगांत खरी संपत्ति म्हणजे वेळ.

असो. आमचें म्हणणें एवढेंच कीं, मुक्या जनावराच्या खांद्याची जी दया आपल्या घराण्यांत चालत आली आहे, तीच घरांतील माणसांस लागूं करावी. येत्या खांदेमळणीस बैलांचे खांदे धुऊन झाल्यावर घरधन्यानें आपले, घरधनिणीचे व गड्यांचे हात दिव्याजवळ घेऊन पाहावे. दोन्ही अंगठ्यांच्या बुडांचे उंचवटे सारखे भरलेले आहेत काय, करंगळीस स्पर्श नीट कळतो काय, मूठ पूर्वींसारखी आवळते काय, एवढें विचारावें. कोणाच्या हातांत उणें दिसलें तर सुगीची सबब न सांगतां त्यास डॉक्टरांकडे न्यावें. खांद्यास सूज असतां बैल जुंपावयाचा नाहीं, हें आपणांस ठाऊक आहे. हात बधिर असतां माणूस जुंपावयाचा नाहीं, एवढें त्यास जोडून घ्यावें, अशी आमची सर्व सभासदांस आग्रहाची विनंति आहे.